चाक धरून बसा

"कुठला खांदा दुखतोय?"

स्कूटर ढकलत कुणी दारात आलं की आमच्या गल्लीतल्या फिटरचा पहिला प्रश्न हा असायचा. गाडी कधी पडली, कुठं धडकली, हे सगळं नंतर. मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेले तेव्हा मला वाटलं, माणूस जरा हललेला दिसतो. मी म्हटलं, "मला काय झालेलं न्हाई, गाडी बघा." तो गाडीकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "उजवा. उजवा खांदा उतरलाय तुमचा. लई दिस वाकड्या हँडलनं गाडी हाणताय, वहिनी."

हाणतच होते. शिरूरच्या बाजारपेठेतून हायवेकडे निघणाऱ्या एका गल्लीत आमचं बांगड्यांचं दुकान. आम्ही कासार. लग्नसराईत चुडा भरायला गावोगाव जावं लागतं, म्हणून आमच्या ह्यांनी मला बिनगिअरची स्कूटर घेऊन दिली होती. नव्वदीनंतरची वर्षं ती. बाई स्कूटरवर दिसली की टपरीवरची माणसं पान चघळायची थांबायची. अशीच एकदा एका लग्नघरी निघाले होते. रस्त्यावर उसाचं वाढं सांडलेलं, त्यावरून पुढचं चाक सरकलं आणि मी, गाडी आणि हिरव्या बांगड्यांची पेटी असे तिघंही आडवे झालो. मला खरचटलं, बांगड्यांचा चुरा झाला आणि हँडल फिरलं. म्हणजे चाक सरळ धरलं की हँडल डावीकडे तोंड करून बसायचं, रुसलेल्या जावेसारखं. उजवा हात सारखा पुढे ताणून धरावा लागायचा.

दुरुस्त करून घ्यायचं ना, असं तुम्ही म्हणाल. पण गाडी चालत होती, आणि चालणारी गाडी कोण दुरुस्तीला टाकतं? माणसाला वाकड्याची सवय फार लवकर लागते. एकदा ह्यांची धडधाकट गाडी चालवायला घेतली तर मला तीच वाकडी वाटली, आणि मी त्यावरून ह्यांच्याशी भांडलेसुद्धा.

फिटरचं गॅरेज आमच्या दुकानाच्या बरोबर समोर होतं. पिठाची गिरणी आणि एक जुनी भिंत यांच्यामधल्या जागेवर पत्रा टाकलेला, तेच गॅरेज. मागे पडदा, पडद्यामागे एक खोली आणि खोलीत त्याची आई. तिला सगळी गल्ली नानी म्हणायची. त्याला मात्र कुणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. अंगानं काटकुळा, मिशी कायम एका बाजूला जास्त कातरलेली. दुसऱ्याच्या गाडीतला केसभर फरक दिसणाऱ्या या माणसाला आरशातली मिशी कशी दिसत नाही, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "मिशी काय हायवेला न्यायची न्हाई, वहिनी."

वाकडं हँडल आलं की तो आधी गाडी स्टँडवर चढवायचा, पुढचं चाक उचलून हातानं फिरवायचा. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट दोन्हीकडं सारखी राहते का ते बघायचा. मग हँडल डावीकडं पार शेवटपर्यंत, मग उजवीकडं पार शेवटपर्यंत. मग गाडीच्या मागे उकिडवा बसून एक डोळा मिटायचा. "चाक नीट हाय, नुसतं हँडल फिरलंय," असं म्हणाला की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडायचा. "चिमटा वाकलाय," म्हणजे चाक दोन्हीकडून धरणारे दांडेच वाकलेत, असं म्हणाला की समजायचं, गाडी आता काही दिवस इथंच मुक्कामाला.

खरी गंमत त्यानंतर. हँडल सरळ करायचं तर त्याच्या मुंडक्याखालचा बोल्ट ढिला करायचा, चाक जागच्या जागी घट्ट धरायचं आणि हँडल पिळायचं. चाक कुणी भिंतीला टेकवतं, कुणी झाडाच्या बुंध्याला. आमचा फिटर एकटा काम करायचा, त्यानं त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. चाकासमोर तो गोणपाट टाकायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "बसा. चाक गुडघ्यात धरा. आन् दूध उतू गेलं तरी उठायचं न्हाई."

बसावंच लागायचं. पांढऱ्याशुभ्र लेंग्यातले हेडमास्तर त्या गोणपाटावर दोन्ही गुडघ्यांत चाक आवळून बसलेले मी पाहिलेत, आणि शाळेतली पोरं समोरून "नमस्ते सर" म्हणत जाताना त्यांनी मान फक्त हलवलेली पाहिलीय, कारण हात चाकावर. हळद लागलेला एक नवरदेव बसला होता. मार्केट यार्डातले एक आडते बसले होते, त्यांना पोटामुळे चाक दिसत नव्हतं. एका हवालदाराची तर फारच फजिती झाली. चाक धरून बसलेला असताना साहेबांची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. हा ताडकन उठून सलाम ठोकायला गेला, चाक सुटलं, हँडल गर्रकन फिरलं. फिटरनं पाना खाली ठेवला, जीप जाईपर्यंत वाट बघितली आणि म्हणाला, "गेले ना साहेब? बसा. आता परत पहिल्यापासनं."

एकदा गुडघ्यात चाक आलं की माणूस अडकला. मग फिटर सावकाश, मागे जाऊन, डोळा मिटून, पुढे येऊन, पुन्हा मागे जाऊन काम करायचा. त्याला घाई नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. मी दुकानातून बघायचे आणि हसायचे. माझी पाळी आली तेव्हा गिरणीत दळणाला आलेल्या सगळ्या बायका मला हसल्या.

काम झालं की तो गाडी फिरवून बघायला न्यायचा. आमच्या गल्लीच्या टोकाला पुणे-नगर हायवे लागतो. तिथवर जायचा, थांबायचा, एक पाय जमिनीला टेकवून जाणाऱ्या ट्रककडे बघायचा आणि गाडी वळवून परत. हायवेवर कधीच नाही. खरं तर हँडल नीट झालं की नाही हे कळायला जरा वेग लागतो, लांब सरळ रस्ता लागतो. मग तो गिऱ्हाइकालाच हायवेवर एक चक्कर मारायला पाठवायचा. ते परत आलं की विचारायचा, "हात काय म्हंत्यात?" गिऱ्हाईक बिचारं स्वतःच्या हातांकडं बघत बसायचं. माझ्या हातांनी त्याला सांगितलं की गाडी अजून एका बाजूला ओढतेय. त्यानं पुन्हा बोल्ट ढिला केला, पुन्हा मला गोणपाटावर बसवलं. पुन्हा तेच. शेवटी म्हणाला, "गाडी सरळ हाय, तुमच्या खांद्यालाच खोड लागलीय." मी काही दिवस खांद्याला तेल चोळलं. नंतर निघालं की चिमटाच किंचित वाकला होता. स्वतः हायवेवर चालवून बघितली असती तर त्याला पहिल्या दिवशीच कळलं असतं. मी तसं तोंडावर बोलले. त्यानं चिमटा फुकट सरळ करून दिला.

मला वाटायचं लायसन नसेल. गल्लीत काहीजण म्हणायचे, भितो. एक दिवस मी नानीला गवारीची भाजी द्यायला गेले होते तेव्हा तो एक गाडी घेऊन बाहेर पडला. नानी बाजेवर बसली होती. गाडीचा आवाज लांब जाऊ लागला तशी तिनं हातातली वाटी खाली ठेवली आणि मान तिरकी करून बसली. मी काहीतरी बोलत होते, ते तिला ऐकू येत नव्हतं. आवाज टोकाला जाऊन थांबला. मग पुन्हा जवळ येऊ लागला. "आला," नानी म्हणाली आणि वाटी उचलली. प्रत्येक गाडीला, दिवसभर, हे असंच चालायचं.

त्याचा थोरला भाऊ हायवेवर ट्रकखाली गेला होता, स्कूटरवरून जाताना. फिटर तेव्हा पोरसवदा होता, दुसऱ्याच्या गॅरेजात काम शिकत होता. सुतक फिटलं त्याच दिवशी नानीनं त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता आणि शपथ घातली होती की हायवेला दुचाकीवर पाय टाकायचा नाही. पुढे बसून नाही, मागे बसूनही नाही.

शपथेचा कायदा तुम्हाला ठाऊकच आहे. ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणावं लागतं. तसं न म्हणता मोडली तर जिच्या डोक्यावर हात ठेवला तिचं बरंवाईट होतं. लहानपणी आपण सगळ्यांनी हे मानलेलं असतं. मोठेपणी हसतो, आणि आईच्या शपथेपाशी आलो की गप्प होतो. मी त्याला एकदा डिवचलं, "तुम्ही मशीनवाला माणूस, असलं मानता?" तो म्हणाला, "खरं-खोटं द्येव जाणं. पण ते खरं हाय का खोटं, हे आईवर लावून बघायचं का, वहिनी?"



आता त्याची खरी अडचण सांगते. त्याची बायको दौंडला रेल्वेत नोकरीला होती, तिच्या वडलांच्या जागी लागलेली. ती आणि त्यांची एकुलती एक मुलगी तिथल्या क्वार्टरात राहायच्या. नानी शिरूर सोडायला तयार नव्हती. थोरला ज्या दारातून गेला ते दार सोडून तिला कुठं जायचं नव्हतं. नानीला रात्री एकटं ठेवता येत नव्हतं. त्यामुळे फिटर शनिवारी एसटीनं दौंडला जायचा आणि त्याच दिवशी परत यायचा. एसटी म्हणजे तुम्हाला माहीत आहे. स्टँडवर वाट बघण्यात सकाळ जायची, वाटेत प्रत्येक फाट्याला गाडी थांबायची, आणि पोरगी शाळेतून येऊन दप्तर ठेवते न ठेवते तोच ह्याला शेवटच्या गाडीची घाई. कधी गाडीच यायची नाही, मग तो शनिवार तसाच स्टँडवर जायचा. स्वतःची गाडी असती तर हवं तेव्हा, आठवड्यातून दोनदासुद्धा जाऊन आला असता.

आणि गाडी होती. जुने भाग जमवून त्यानं स्वतः एक स्कूटर उभी केली होती, निळ्या रंगाची. भिंतीला लावलेली असायची. रोज सकाळी फडक्यानं पुसायचा, सुरू करायचा, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणायचा. पुढे पोरीला उभं राहून धरता यावं म्हणून त्यानं एक छोटी नळी वेल्डिंग करून बसवली होती. पोरगी उंच झाली तशी त्यानं ती नळी कापून वर चढवली. मग पुन्हा कापून अजून वर. त्या गाडीवर पोरगी एकदाही उभी राहिली नव्हती. नळीवर गंज धरला की तो पॉलिश पेपर मारायचा. ते बघताना मला राग यायचा, कुणाचा ते सांगता येत नाही.

गल्लीतल्या शहाण्यांनी त्याला वाटा सुचवल्या. गाडी ढकलत हायवे ओलांड, पलीकडं दौंडला जाणाऱ्या न्हावऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर बस. तो म्हणायचा, "मी आईला शपथ दिलीय का वकिलाला?" पाडव्याला दर वर्षी नानीच्या पाया पडला की तो म्हणायचा, "आई, सुटली म्हण की." नानी भिंतीकडं तोंड करून झोपायची. सणाच्या दिवशी, पुरणपोळी न खाता.

शेवटी एका दुपारी मीच नानीपुढं जाऊन बसले. मला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची खोड आहे, आमचे हे तसं म्हणतातच. नानी सुपात ज्वारी पाखडत होती. मी म्हटलं, "नानी, पोरगी मोठी व्हायला लागली. तुम्ही एक शब्द बोलला तर त्याचं घर जवळ येतंय."

नानी खडे वेचत राहिली. बाहेर फिटर कुणाला तरी सांगत होता, "बसा. चाक गुडघ्यात धरा. आन् दूध उतू गेलं तरी उठायचं न्हाई."

सूप तिच्या हातातच थांबलं. "आयकलंस?" ती म्हणाली. "थोरल्याचं बोलणं हाय ते. मी एका जागी बसायची न्हाई, म्हणून मला चिडवायचा."

मग तिनं सांगितलं. थोरला आदल्या दिवशी गाडीवरून पडला होता, हँडल फिरलं होतं. सकाळी तो अंगणात, आता गॅरेजचा पत्रा आहे तिथंच, ते सरळ करायला बसला आणि आईला म्हणाला, चाक धर. तिनं गुडघ्यात धरलं. चुलीवर दूध होतं. "ते वर आलं. मी उठाया लागले तवा हासून म्हणला, आई, दूध उतू गेलं तरी उठायचं न्हाई. मी उठलेच. दूध वाचवलं. माघारी येस्तवर त्यानं बोल्ट आवळला व्हता. म्हणला, जरासं वाकडं ऱ्हायलंय, चालतंय. आन् गेला."

मी म्हटलं, "नानी, ट्रक उलट्या बाजूनं आला व्हता. सगळं गाव सांगतंय."

"आला आसंल. पर चाक मी सोडलं व्हतं."

सूप खाली ठेवून ती म्हणाली, "सुटली म्हणायचं म्हंजी परत चाक सोडायचं. आन् ह्याला समदं ठाव हाय, पोरी. रोज आयकवतो मला. उठायचं न्हाई, सोडायचं न्हाई. त्योच सांगतोय, मग मी कशी सोडू?"

मी घरी येऊन नुसती बसून राहिले. एकाच पत्र्याखाली दोन माणसं, मध्ये एक पडदा, आणि अलीकडून एक वाक्य रोज पलीकडं जातंय. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही.

संध्याकाळी गिऱ्हाईक नसताना मी फिटरला सांगितलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्या सकाळी तो कामावर गेलेला होता, परत आला तो अंगणात जमलेल्या माणसांत. त्यानं पाना हातातल्या हातात फिरवला. "दादाचं बोलणं म्हणून म्हणत व्हतो, वहिनी," तो म्हणाला. "फोटोपण न्हाई आमच्याकडं त्याचा. तेवढंच ऱ्हायलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आपली निळी स्कूटर मध्ये घेतली. बोल्ट ढिला केला आणि चांगलं सरळ असलेलं हँडल मुद्दाम पिळून वाकडं केलं. मी काउंटरवरून बघत होते. मग गोणपाट टाकलं आणि पडद्याकडं तोंड करून हाक मारली, "आई, चाक धरतीस का?"

पडदा बराच वेळ हलला नाही. मग नानी आली. कुणाकडं न बघता गोणपाटावर बसली, लुगडं आवरलं आणि चाक गुडघ्यात घेतलं. तो मागे गेला, डोळा मिटला, पुढे आला, हँडल थोडं पिळलं. पुन्हा मागे गेला. त्या दिवशी त्यानं नेहमीपेक्षाही जास्त वेळ लावला. तेवढ्यात मला वास आला. आतल्या स्टोव्हवर दूध होतं. चहासाठी नानीनं ठेवलं होतं की त्यानंच, ते मी कधी विचारलं नाही. चर्र आवाज झाला आणि करपल्या दुधाचा वास गल्लीभर पसरला. मी धावत रस्ता ओलांडला आणि पडद्याला हात घातला.

"वहिनी, ऱ्हाऊ द्या," फिटर म्हणाला.

नानीनं गुडघे अजून आवळले. तोंड उघडं, डोळे पडद्याकडं. अंगातली प्रत्येक शीर उठायला बघत होती, आणि ती उठली नाही. "दूध उतू गेलं," ती म्हणाली.

"जाऊ दे. चाक धरलंयस न्हवं?"

"धरलंय."

त्यानं बोल्ट आवळला. शेवटचा वेढा त्यानं फार सावकाश दिला. मग पाना ठेवून तिच्या पुढ्यात बसला. नानीला चाक सोडता येईना, तिची बोटं त्यानं एकेक करून उलगडली. तिनं तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "सुटली."

आता फिटर दौंडला निघाला असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी तर शनिवारी त्याच्या पोरीसाठी बांगड्यासुद्धा बांधून दिल्या. गिरणीवाला बाहेर आला, टपरीवरची माणसं उभी राहिली. फिटरनं निळी स्कूटर सुरू केली, गल्लीच्या टोकापर्यंत गेला, पाय टेकला. ट्रक गेले, एसटी गेली, पुन्हा ट्रक गेले. आणि गाडी वळली. परत आला तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. मला म्हणाला, "मी न्हाई वळलो, वहिनी. हात वळले."

आतून नानी म्हणाली, "आला."

असं कितीतरी शनिवार झालं. तो टोकाला जायचा, हात वळायचे. मग गाडी भिंतीला लावून एसटी स्टँडवर. शपथ सुटली होती आणि सुटलं काहीच नव्हतं. दुसऱ्यांच्या गाड्या सरळ व्हायच्या, हायवेनं निघून जायच्या. मी चेष्टा करणं सोडलं. लहानपणापासून टोकाला वळणाऱ्या हातांना कुठला पाना लावणार?

मग एका शनिवारी तो गाडी काढत असताना नानी आपणहून बाहेर आली. तिनं गोणपाट ओढून घेतलं आणि त्यावर बसली. समोर गाडी नाही, चाक नाही. तिनं गुडघे एकमेकांशी घट्ट लावले आणि दोन्ही हात गुडघ्यांपुढं धरले, चाकावर धरतात तसे.

"जा," ती म्हणाली. "मी धरलंय."

फिटरनं आईकडं बघितलं. मग गाडीवर बसला. आवाज टोकाला गेला. थांबला. आम्ही सगळे थांबलो. मग आवाज मोठा झाला, उजवीकडं वळला आणि ट्रकांच्या आवाजात मिसळून गेला.

नानी दिवसभर तिथंच बसली. मी जेवायला आणलं तर म्हणाली, "भरव. हात मोकळं न्हाईत." मी भरवलं. गिऱ्हाइकं येऊन गेली. तिन्हीसांजेला टोकाशी ओळखीचा आवाज वळला तेव्हा ती म्हणाली, "आला," आणि गुडघे सोडले. तिला उभी करायला मला गिरणीवाल्याला हाक मारावी लागली. फिटर गाडीवरून उतरला तो हसत होता. पोरीला पुढची नळी बुटकी झाली होती, ती मागे बसली होती आणि दौंडच्या बाजारातून त्यांनी चक्कर मारली होती. पहिल्यांदाच त्यानं आपलंच काम लांब रस्त्यावर चालवून बघितलं होतं. मी विचारलं, "हात काय म्हंत्यात?" तो म्हणाला, "काय न्हाई म्हणले, वहिनी. गप व्हते."

त्यानंतर तो दर शनिवारी जायचा आणि नानी दर शनिवारी बसायची. सवय म्हणून पुढे पुढे ती माळ ओढेल, गप्पा मारेल असं मला वाटलं होतं. पण नाही, गुडघे तस्सेच. पोरगं मोकळं झालं आणि म्हातारी अडकली, असं मी ह्यांना म्हणाले. हे म्हणाले, तुला काय कळतं, ती सुखात आहे. दोन्ही खरं असावं.

नानी थंडीत गेली, झोपेत. त्या महिन्यातले शनिवार फिटर कुठंच गेला नाही. बायको-मुलगी इथं येऊन राहिल्या होत्या, त्या गेल्यावर त्यानं गॅरेज आवरायला घेतलं. शिरूरला थांबायला आता कारण नव्हतं. सामान टेम्पोनं पुढं गेलं. जायच्या सकाळी पत्र्याखाली फक्त निळी स्कूटर आणि जमिनीवर ते गोणपाट राहिलं होतं.

तो माझ्या दुकानाशी आला. निरोपाचं काही बोलेल म्हणून मी तयारीत होते. त्यानं रस्त्याकडं बघितलं, गोणपाटाकडं बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, आज कोण धरणार?"

मी काउंटरवरून उतरले, समोर गेले आणि गोणपाटावर बसले. त्यानं गाडीच्या मागे उकिडवं बसून एकदा डोळा मिटला. "सरळ हाय," तो म्हणाला. मी गुडघे जुळवले.

"जा," मी म्हटलं. "मी धरलंय."

आवाज टोकाला गेला, थांबला, आणि हायवेवर निघून गेला. मी बसले होते. किती वेळ बसायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं, आणि संध्याकाळी तर तो येणारच नव्हता. समोर माझ्या दुकानात एक बाई मुलीला घेऊन आलेली दिसली. तिनं काउंटरवर हात आपटला. "काकू, हाय का कुणी?"

"थांब जरा," मी बसल्या जागेवरून ओरडले. "आत्ता उठता येत न्हाई. चाक धरलंय."